स्टुलावर बसणाऱ्या सिस्टर

"आता मला सांगा, मी तुमाला काय सांगितलं?"

हा प्रश्न गायकवाड सिस्टरांनी नोकरीत किती जणांना विचारला असेल, देव जाणे. पेशंट असो, त्याची सासू असो नाहीतर गावचा सरपंच असो. पिशवी खांद्याला लावून, चपला पायात सरकवून माणूस घरी निघाला की सिस्टर वॉर्डाच्या दारात उभ्या. औषध कधी, परत यायचं कधी, काय झालं तर लगेच यायचं, हे आपल्या तोंडानं सांगितल्याशिवाय कुणाला बाहेर पाऊल टाकता येत नसे.

एकदा औशाकडचा एक म्हातारा त्यांच्यावर उखडला. "अवो बाई, आत्ताच तर तुमी सांगितलाव! तुमचं तुमालाच ध्यानात न्हाई व्हय? मग आमच्या माणसाला काय बरं करणार तुमी?"

सगळा वॉर्ड खो खो हसला. सिस्टर पण हसल्या, पण दार काही सोडलं नाही. शेवटी म्हातारा बोलला, तेव्हा कळलं की दुखायचं थांबलं की गोळ्या बंद करायच्या, असं त्यानं मनाशी पक्कं करून टाकलं होतं. सिस्टरांनी त्याला परत आत नेलं, चहा पाजला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. म्हाताऱ्याची बस हुकली. बस हुकल्याचं पाप सिस्टर हसत हसत आपल्या माथी घेत.

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. निम्मी कचेरी भाड्याच्या घरात, पाट्यांवरचा रंग ओला. औसा, निलंग्याकडची माणसं अजून जुन्या जिल्ह्याच्या नावानंच कागद घेऊन यायची आणि विचारायची, "साहेब, जिल्हा बदललाय तर आता इलाज कुठं करायचा?" त्यातच पावसानं दगा दिला. आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात कोबाल्टचं मशीन होतं आणि ते चालवायला मी, बिराजदार. त्या मशीनच्या उपचाराला लोक 'शेक' म्हणायचे. शेक देण्याआधी डॉक्टर पेशंटच्या अंगावर जांभळ्या औषधानं रेघा मारत. त्या रेघांच्या आतच शेक द्यायचा, आणि उपचार संपेपर्यंत त्या पुसू द्यायच्या नाहीत. म्हणजे तिथं पाणी लावायचं नाही. अंघोळीला पाणी मिळत नाही अशा साली हे सांगणं फार सोपं होतं. मी तर म्हणायचो, दुष्काळानं सगळ्यांचं वाटोळं केलं, माझ्या एकट्याची सोय केली. सिस्टरांना हा विनोद अजिबात आवडायचा नाही.

सिस्टर मूळच्या मुदखेडच्या. वडील रेल्वेत पॉइंट्समन. बोलणं नांदेडकडचं, "काय करून राहिलात, बिराजदार भाऊ?" असं लांबवत विचारायच्या. आम्ही औसेकर त्यांची नक्कल करायचो. त्याही मग "काय करलालाव, काय करलालाव" म्हणून आम्हाला वेडावून दाखवायच्या. साडी पांढरीधोप, आणि दुष्काळातसुद्धा कांजी केलेली. भाताची पेज वाया जाऊ द्यायच्या नाहीत, ती साडीला. चहाच्या बाबतीत मात्र बाई फार तिखट. चहा गार आला की कॅन्टीनवाल्याच्या सात पिढ्या उद्धारायच्या. आणि बैलाला भ्यायच्या. पुढून इंजिन आलं तर हलणार नाहीत, पण रस्त्यात बैल दिसला की माझ्या पाठीमागं!

रेल्वेच्या घरातल्या असल्यामुळं त्यांचं एक म्हणणं होतं. "माणूस गाडीत हरवत न्हाई भाऊ, जंक्शनवर हरवतो. एका गाडीतून उतरला, दुसरीत बसला न्हाई, मधल्या मधी तो कुणाचा?" कॅन्सरचे पेशंट असेच हरवायचे. ऑपरेशन झालं, शेकाला आलेच नाहीत. शेक निम्मा झाला, बरं वाटलं, घरी गेले ते गेलेच. मग सहा-आठ महिन्यांनी बैलगाडीत घालून आणायचे, आणि डॉक्टर नुसते मान हलवायचे.

म्हणून सिस्टरांनी तारखा देणं सोडून दिलं होतं. खेड्यातल्या बाईला सतरा तारीख काय कळणार, असं नाही. पण सतरा तारखेला घरातून तिला सोडणार कोण? बाजारच्या दिवशी मात्र गाव बाहेर पडतंच. मुरुडच्या पेशंटला मुरुडचा बाजार, औशाच्या पेशंटला औशाचा. "तिसऱ्या बाजाराला ये. माळवं घ्यायला निघालीस की पिशवी नवऱ्याकडं दे आणि तू लातूरच्या गाडीत बस." कुणी आलं नाही तर पुढच्या बाजारात त्याच गावच्या कासाराकडून, कंडक्टरकडून निरोप जायचा. निरोपात रोगाचं नाव कधी नसायचं. "गायकवाड मावशीनं आठवण काढली म्हणा." बस, एवढंच. माणूस दुसऱ्या दिवशी हजर व्हायचा.

आमचे डॉक्टर हुशार आणि मनानं चांगले, पण राउंडला उभ्या उभ्या बोलायचे. ते पुढच्या खाटेकडं गेले की सिस्टर खाटेखालचं लोखंडी स्टूल ओढायच्या आणि बसायच्या. एका शब्दानं सुरुवात करायच्या नाहीत. नुसत्या बसायच्या. मग हळूहळू खाटेवरून प्रश्न यायला लागायचे. मी एकदा म्हटलं, सिस्टर, तुम्हाला गुडघेदुखी आहे का? तर म्हणाल्या, "उभ्या माणसाला कुणी काही विचारत न्हाई भाऊ. त्याला वाटतं, हा निघालाच हाय." डॉक्टरांच्या कानावर हे गेलं असावं, कारण पुढं तेही अधूनमधून खाटेच्या कडेला टेकायला लागले. ते बसले की सिस्टर लांबून माझ्याकडं बघून भुवया उडवायच्या.

सुभद्रा आली ती त्याच दुष्काळात. मुरुडच्या पलीकडच्या एका वस्तीवरची, वय पस्तिशीच्या आतबाहेर, गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. बरोबर नवरा ज्ञानोबा आणि सासू. रोग वेळेवर सापडला होता. शेक पुरा झाला तर बाई वाचण्यासारखी होती. मधे खंड पडला तर काही खरं नव्हतं. डॉक्टरांनी हे ज्ञानोबाला स्पष्ट सांगितलं. ज्ञानोबानं हात जोडले. "साहेब, समदं करतो. पण तिला नाव सांगू नका. नाव ऐकूनच मरंल ती."

सासूला वेगळीच काळजी. सिस्टर पाण्याचा पेला घेऊन गेल्या तर म्हातारीनं आधी विचारलं, "आडनाव काय म्हणायचं, बाई?"

"गायकवाड. मुदखेडची. आमी बौद्ध हाओत," सिस्टर म्हणाल्या, आणि हात पुढं तसाच. म्हातारीनं पेला घेतला नाही. सिस्टरांनी तो खिडकीत ठेवला आणि दुसऱ्या खाटेकडं गेल्या. मला संताप आला होता, मी तोंड उघडणार तोच त्यांनी डोळ्यांनी दटावलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "ती सुनेसाठी आलीय भाऊ, माझ्यासाठी न्हाई. सून बरी होऊ द्या, मग भांडू." दुपारी बघतो तर पेला रिकामा होता. कुणी प्यायलं ते म्हातारीलाच ठाऊक.

खोटं न बोलण्याचा मात्र बाईंचा हट्ट होता. ज्ञानोबाला त्यांनी स्वच्छ सांगितलं, "मी आपणहून सांगणार न्हाई. पण तिनं विचारलं तर खोटं बोलणार न्हाई. हे पटत असलं तर मी तिची सिस्टर."

सुभद्रानं चार-पाच दिवसांतच विचारलं. ज्ञानोबा चहा आणायला गेला होता, सिस्टर स्टुलावर बसून तिची वेणी घालत होत्या. मी तिला शेकासाठी न्यायला आलो होतो, दारातच थांबलो.

"सिस्टर, ह्या वार्डातल्या समद्या बायांचा रोग एकच हाय ना?"

"हाव."

"मग माझा बी त्योच."

"हाव, सुभद्रा."

सिस्टर वेणी घालत राहिल्या. मग सुभद्रा घाईघाईनं म्हणाली, "ह्यांना सांगू नका बगा. त्यांना वाटलालंय मला ठाऊक न्हाई. लई हळवा माणूस हाय. त्यांना कळलं की मला ठाऊक हाय, तर धीर सोडतेल."

आता बोला! सिस्टरांनी कपाळाला हात लावला. ज्ञानोबा चहा घेऊन आला, तर त्याला खाटेवर सुभद्राच्या शेजारी बसवलं आणि म्हणाल्या, "तुमी दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवून राहिलात. मला दोघांच्या चोऱ्या सांभाळायला फुरसत न्हाई. आता तुमचं तुमी बोला." आणि चहाचा कप उचलून बाहेर आल्या. चहा गार होता, पण त्या दिवशी कॅन्टीनवाला वाचला. आत नवराबायको दोघं रडत होती, आणि मधेच हसल्याचाही आवाज आला.

त्या दिवशी मशीनकडं चालत जाताना सुभद्रानं पुन्हा विचारलं, "मी बरी व्हईन का?"

सिस्टर म्हणाल्या, "ते मला सांगता येत न्हाई, बाई. व्हावीस असं लई वाटतं. तू शेक मधी सोडू नको. आन् तू जवा येशील तवा मी इथं असन."

मग आली वेळ अमावस्या. आमच्या भागात येळवसेला सगळं गाव शेतात जातं. कडब्याची कोपी करायची, आंबील, भज्जी, पांडवांची पूजा. त्या वर्षी शेतात उभं पीक नव्हतं, तरी लोक गेले. लातूर ओस पडलं. मशीनही बंद. सुभद्राला एका दिवसाची सुट्टी मिळाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती सासूबरोबर वेळेवर परत आली. मी तिला टेबलावर घेतलं. रेघा जागच्या जागी, चांगल्या ठळक. मी दार लावायला निघालो, तेवढ्यात सिस्टर सासूचा हात धरून जवळजवळ पळतच आल्या.

"थांबा भाऊ! चालू करू नका!"

झालं होतं असं, की सिस्टरांची रोजची चौकशी कधी दुखण्यापासून सुरू व्हायचीच नाही. काय जेवलात, कोण आलं होतं, घरात काय चाललंय, इथून सुरुवात. म्हातारीला त्यांनी विचारलं, येळवस कशी झाली? भज्जी केली का? कोण कोण गेलं होतं? सुभद्रा शेतापर्यंत चालली का? आणि बोलता बोलता म्हातारीचा बांध फुटला. टँकरनं घराला दोन घागरी पाणी दिलं होतं. सुभद्रा कित्येक दिवसांनी घरी आली, सणाचा दिवस, तिच्या अंगाला दवाखान्याचा वास. म्हणून घरातल्या सगळ्यांनी ठरवलं की आपण कुणीच अंघोळ करायची नाही, आपलं पाणी तिला द्यायचं. पोरांनीसुद्धा आपल्या वाटणीचा तांब्या आणून दिला. म्हातारीनं स्वतः सुनेला पाटावर बसवून, शिकेकाई लावून, चोळून चोळून न्हाऊ घातलं. सुभद्रा नको नको म्हणत होती. म्हातारी म्हणाली, सणाला कोरडं राहू नये. पाणी अंगावरून गेल्यावर बघते तर रेघा गेलेल्या! आता दवाखान्यातून हाकलून देतील म्हणून तिनं कपड्याची नीळ कालवली आणि आपल्या अंदाजानं रेघा पुन्हा ओढल्या.

अंदाज चांगला होता, पण चार बोटं वर. शेक भलत्याच जागी गेला असता.

मी ओरडणाऱ्यातला माणूस. मी तोंड उघडलंच होतं. सिस्टर म्हणाल्या, "भाऊ, आज ओरडलात तर उद्या हे लोक मला काहीच सांगणार न्हाईत." म्हातारीनं सिस्टरांचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. सिस्टरांनी तिला आधी खुर्चीवर बसवलं. मग म्हणाल्या, "माय, दुष्काळात सुनेला असं पाणी घालणारी सासू मी बघितली न्हाई. चूक झाली, पण तुमी सांगितलं म्हणून ती वाचली." डॉक्टरांनी नव्यानं मापं घेतली, रेघा मारल्या, त्यात दोन दिवस गेले. पण पुढं शेक पुरा झाला. निघताना म्हातारीनं दारातला प्रश्न येण्याआधीच सगळं घडाघडा म्हणून दाखवलं, आणि शेवटी स्वतःचं एक जोडलं: "आन् न्हाऊ घालायचं न्हाई!"

सुभद्रा पुढं दर ठरल्या बाजाराला येत राहिली. चेहरा भरला. कधी वाळकं, कधी भुईमुगाच्या शेंगा घेऊन यायची, स्टुलापाशी बसायची, जायची. असं वर्ष-दीड वर्ष गेलं असेल.

मग सिस्टरांनी दवाखाना सोडायचं ठरवलं. मुदखेडला आई एकटी, डोळ्यांनी दिसेना. नांदेडच्या एका दवाखान्यात जागा मिळाली. आम्हाला वाईट वाटलं, पण हक्क होता त्यांचा. जाण्याआधी त्यांनी एक काम काढलं. त्यांच्या जागी देगलूरकडची कमल नावाची नवी सिस्टर आली होती. प्रत्येक पेशंट आला की सिस्टर कमलला बोलवायच्या, पेशंटचा हात तिच्या हातात द्यायच्या. "आता ही तुझी सिस्टर. तिला विचार, तिच्यावर चीड, तिच्यापुढं रड." काही बाया रुसल्या, काही रडल्या. पण हात देऊन गेल्या.

सुभद्रा तेवढी आली नाही. एक बाजार गेला, निरोप धाडला. दुसरा गेला. गायकवाड मावशी नांदेडला चालल्या ही बातमी मात्र कासारानं तिच्यापर्यंत पोचवली होती. सिस्टरांच्या गाडीचा दिवस आला. त्या दिवशी सकाळी त्यांनी ट्रंक बसस्टँडवर ठेवायला दिली, कमलला घेतलं, मला म्हणाल्या, "भाऊ, रजा टाका. वस्तीवर बैल असतील." आणि आम्ही तिघं मुरुडच्या बसमध्ये बसलो.

सुभद्रा दारात ज्वारी निवडत बसली होती. आम्हाला बघून उठली नाही. चेहरा उतरलेला.

"आलाव व्हय," ती म्हणाली. "तुमी म्हणलाव, तू जवा येशील तवा मी इथं असन."

"म्हणले व्हते," सिस्टर म्हणाल्या. "आता मला ते पाळता येत न्हाई. माझी माय आंधळी झाली. मी खोटी पडले, सुभद्रा. हे तुझ्या तोंडावर सांगायला आले."

सुभद्राच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मग तिनं खालच्या आवाजात सांगितलं, "मला परत अंगावरून लाल जाऊ लागलंय. महिना झाला. कुणाला सांगितलं न्हाई. तुमालाच सांगणार व्हते, तर तुमी चाललाव. मग म्हणलं, आता कशाला सांगायचं. जे व्हायचं ते व्हईल. किती जातंय, कसं जातंय, समदं सांगते तुमाला..."

मी सिस्टरांकडं बघितलं. मला वाटलं, संपलं, ही बाई आता ट्रंक परत आणणार. त्यांचं तोंडच तसं झालं होतं. त्या एक पाऊल पुढं झाल्या, सुभद्राच्या डोक्यावर हात ठेवला, आणि म्हणाल्या,

"मला सांगू नको. हिला सांग."

आणि वळून चालायला लागल्या. घरासमोरच्या गोठ्यावरून, दावणीला बांधलेल्या बैलांच्या अगदी जवळून, सरळ बांधापर्यंत गेल्या आणि आमच्याकडं पाठ करून उभ्या राहिल्या. मला त्यांचा राग आला, खरंच आला. असं रडत्या बाईला टाकून कुणी जातं का?

कमल बिचारी घाबरून उभी. मग ती म्हणाली, "ताई, मी नवी हाय. मला त्यांच्यासारखं जमंल का न्हाई, ठाऊक न्हाई. पण मी ऐकते. आन् आज तुमाला घेतल्याबिगर जात न्हाई."

सुभद्रा बराच वेळ बांधाकडं बघत राहिली. तिकडून कुणी वळेना. शेवटी तिनं मांडीवरचं सूप बाजूला सारलं, पदरानं डोळे पुसले, आणि कमलला हळूहळू सांगायला लागली. मी लांब सरकलो. ते माझ्या ऐकण्याचं नव्हतं.

सगळं बोलून होईपर्यंत सिस्टर वळल्या नाहीत. मी बांधाकडं गेलो तेव्हा बघितलं, पदराचा बोळा तोंडात धरून बाई रडत होत्या. मी म्हटलं, "काय सांगितलं तिनं, विचारायचं नाही का?" तर मानेनंच नाही म्हणाल्या.

त्या दिवशी सुभद्रा आमच्याबरोबरच लातूरला आली. रक्त शेकामुळं जात होतं, रोग उलटला नव्हता, हे तपासण्या झाल्यावर कळलं, आणि त्यानंतर सुभद्रा कितीतरी वर्षं कमलकडं येत राहिली. पण त्या संध्याकाळी बसस्टँडवर यातलं काहीच कुणाला ठाऊक नव्हतं. नांदेडची गाडी लागली होती. मी सिस्टरांची ट्रंक टपावर चढवली, खिडकीपाशी येऊन उभा राहिलो, काहीतरी बोलावं म्हणून शब्द जुळवत होतो. सिस्टरांचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. पलीकडं फाटकापाशी कमल सुभद्राला दवाखान्याच्या रिक्षात बसवत होती. सुभद्राचा पाय पायरीवरून घसरला, कमलनं तिला कमरेला धरून वर घेतलं आणि स्वतः शेजारी बसली. गाडी हलली, तरी सिस्टर खिडकीच्या गजाला कपाळ टेकवून त्या रिक्षाकडंच बघत होत्या.